चालू होता तो

पहिला फ्रीज मी स्वतःच्या हाताने मारला. दुरुस्त करता आला नाही, असं नव्हे. चांगला चालू होता तो. दादरहून पुण्याला आणला आणि अकराव्या दिवशी संपवला.

फ्रीज आजोबांचा. दादरची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मामाने सगळ्यांना फोन केले, ज्याला जे हवं ते घेऊन जा. पितळेची भांडी, झोपाळा, पानाचा डबा यांवरून अगदी गोड शब्दांत भांडणं झाली. फ्रीज कुणालाच नको होता. १९६४ सालचा गोदरेज, गोलसर खांद्यांचा, जाड दाराचा, दाराला कुलूप. त्या कुलपाची किल्ली आजीच्या कमरेच्या जुडग्यात असायची आणि आम्ही नातवंडं सुट्टीत गेलो की जुडगा रात्री उशाखाली जायचा. आत आमचं दूध, शेजारच्यांचं दूध, मजल्यावरच्या एका काकांचं इन्शुलिन आणि आंब्याच्या दिवसांत सबंध मजल्याचा आमरस. भारतीय कंपनीने बनवलेला पहिला फ्रीज गोदरेजचाच, १९५८ साली, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने. ज्या विक्रोळीत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या बनल्या, त्याच विक्रोळीत. हे मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला फक्त ते दार लागल्याचा आवाज घरात हवा होता.

टेम्पोवाल्याने तो आडवा टाकून आणला आणि मी काही बोलले नाही. कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं. फ्रीज आडवा झाला की ते नळ्यांत शिरतं. उभा केल्यावर निदान एक दिवस त्याला गप्प ठेवायचं असतं, म्हणजे तेल आपापलं खाली उतरतं. मी तासाभरात प्लग लावला. तरी बिचारा चालू झाला.

आठव्या दिवशी लोणी मऊ लागलं. थर्मामीटर ठेवला तर बारा अंश. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मागच्या जाळीला हात लावला, आतल्या बर्फाच्या कप्प्याला हात लावला आणि दोन मिनिटांत निदान केलं, "मॅडम, गॅस कमी झालाय." मी म्हटलं, भरा. यात त्याला दोष देऊन उपयोग नाही, हो म्हणणारी मीच. त्याने कॉम्प्रेसरची बंद केलेली तांब्याची नळी कापली. साठ वर्षं आत असलेला वायू फुस्स करून चार सेकंदांत गेला. मग ड्रायर, म्हणजे वायूतला ओलावा टिपणारी नळकांडी, बदलली, नवा गॅस भरला, पैसे घेतले आणि गेला. दोन दिवस फ्रीज गार झाला. तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरला हात लावता येईना, टिक टिक करत ओव्हरलोड, म्हणजे मोटर तापली की वीज तोडणारा स्विच, पडायला लागला आणि रात्री कायमचा बंद झाला.

काय झालं ते मला पुढे तीन महिन्यांनी कळलं, मिस्त्रीकाकांकडून.

मिस्त्रीकाका मला पुण्यात विजेचं सामान मिळतं त्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात भेटले. मी तिथे रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर सुरू करून देणारा छोटा स्विच, शोधत होते. दुकानदार मला नव्या फ्रीजचा रिले गळ्यात मारायच्या बेतात होता आणि बाजूला स्टुलावर चहा पीत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "कशाला घालताय बाईंच्या गळ्यात, तो नाही चालायचा." मूळचे रत्नागिरीकडचे, वय चौऱ्याहत्तर, सगळा जन्म दवाखान्यांचे फ्रीज आणि बर्फाचे कारखाने यांत गेलेला. घरी आले. गोदरेज भिंतीपासून सरकवला, खाली बसले आणि ती नवी जोडलेली नळी बघून बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"ताई, हा कुणी कापला?"

"मीच कापायला लावला."

"का?"

"गॅस कमी झाला होता म्हणून."

"गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, जळून संपायला?"

हे वाक्य मी त्यानंतर किती जणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. फ्रीजमधला वायू वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, केसासारख्या बारीक कॅपिलरीतून आतल्या कप्प्यात शिरतो, तिथे उकळतो, उकळताना उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. तोच वायू, तेवढाच, वर्षानुवर्षं. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक असेल तर नुसता भरून काय होणार? भोक नसेल तर कमी कसा होईल? आमच्या फ्रीजला भोक नव्हतं. दाराचं रबर कडक होऊन चिरलं होतं, एवढंच. काकांनी दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि नोट ओढली. ती अलगद हातात आली. सगळी गार हवा तिथून खाली ओघळत होती. नाना पेठेत गाड्यांच्या दारांना लावायचं रबर मीटरवर मिळतं. माझं काम तेवढ्यात झालं असतं.

आणि मेला कशाने? त्यात मुळात आर-१२ नावाचा वायू होता. असे वायू वरचा ओझोनचा थर खातात म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला, आणि २०१० पासून तो आपल्याकडेही बंद. दुरुस्तीवाल्याने भरला आर-१३४ए. जुन्या कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल, आणि या नव्या वायूचं खनिज तेलाशी जमत नाही. वायूबरोबर थोडं तेल नेहमीच फिरतं. आर-१२ त्याला विरघळवून परत आणायचा. हा आणत नाही. तेल आतल्या कप्प्यात साचलं, कॅपिलरी तुंबली, कॉम्प्रेसर कोरडा पडला. कॅपिलरीचं भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्यात काय अडकायला पाहिजे होतं अजून?

काका निघताना म्हणाले, "बंद आहे ते बंद राहू द्यायचं. आपलं काम बाहेरचं." मी मान हलवली. घरात नवरा म्हणाला, चला, हौस फिटली. फिटली नव्हती.

दुसरा फ्रीज पाचगणीचा. ओळखीच्या ओळखीतून कळलं की एका जुन्या बंगल्यात पारशी आजी राहतात आणि त्यांच्या मागच्या व्हरांड्यात एक अमेरिकन फ्रीज आहे. मी आणि काका गेलो. गाडीच्या बॉनेटसारखा पुढे फुगलेला पत्रा, वर चांदीचा बिल्ला: फ्रिजिडेअर, मेड ओन्ली बाय जनरल मोटर्स. मोटारी बनवणारी कंपनी १९७९ पर्यंत फ्रीजही बनवायची, आणि तो घडवताना त्यांच्या डोक्यात मोटारच असणार, याबद्दल तो पत्रा बघून शंका राहत नाही. आजींच्या पप्पांनी तो १९५२ मध्ये बोटीने आणला होता. शेजारी लाकडी खोक्यात ट्रान्सफॉर्मर, कारण फ्रीज ११५ व्होल्टचा. दहा-बारा वर्षांपासून बंद. बिघडला म्हणून बंद नव्हता. आजींचं एकटीचं जेवण उरून उरून किती उरणार, म्हणून बंद.

आर-१२ चा जन्म याच कंपनीच्या घरात झालेला. त्याआधी फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड नाही तर अमोनिया असायचा, गळती झाली की माणसं गुदमरायची. जनरल मोटर्सने फ्रिजिडेअरसाठी बिनविषारी वायू शोधायला थॉमस मिजली याला सांगितलं आणि १९२८ मध्ये त्याच्या चमूला तो सापडला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, हे एका फुंकरीत दाखवलं. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच माणसाची. एका माणसाने दोनदा जगाचं भलं करायला जावं आणि दोन्ही वेळा असं व्हावं, याचं मला कधी हसू येतं, कधी येत नाही.

आजींनी पैसे घेतले नाहीत. एकच सांगितलं, "डीकरी, लाल रंग नको मारू हां." त्यांच्या मैत्रिणीच्या फ्रीजला तिच्या सुनेने तसा मारला होता म्हणे.

पसरणी घाट आम्ही तासाभरात उतरलो. पिकअपमध्ये फ्रीज उभा, चारी बाजूंनी गाद्या, आणि मागे मी. ड्रायव्हरला वाटलं फ्रीजमध्ये काहीतरी आहे.

घरी आल्यावर मी प्लग लावला नाही. पाच आठवडे लावला नाही. आधी वायर. त्या काळच्या वायरीवर रबर आणि त्यावर कापडाची वेणी. रबराचा भुगा झाला होता, बोटाने दाबलं की तांबं उघडं. ती सगळी बदलली. पिना दोनच, अर्थिंगचा पत्ता नाही. साठ-सत्तर किलोचा लोखंडी पत्रा, ओल्या हातांनी उघडायचा, आणि अर्थिंग नाही! मी बॉडीला वेगळी हिरवी वायर जोडून घेतली. मग सिरीज बोर्ड, म्हणजे बल्ब जोडलेली साधी फळी, जी प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असते. एक टोक कॉम्प्रेसरच्या पिनेला, एक बॉडीला. बल्ब पेटला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. नाही पेटला. नंतर काकांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणला, त्यावरही इन्सुलेशन ठीक. मग मीटरवर कॉम्प्रेसरच्या तीन पिना दोन दोन करून मोजल्या. २.८, ९.६, १२.४ ओहम. लहान दोन आकड्यांची बेरीज मोठ्याइतकी आली की मोटरमधली तारेची दोन्ही वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, शाबूत. काकांनी बेरीज बोटांवर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

विजेचा खरा प्रश्न पुढेच होता. अमेरिकेत विजेची साठ सायकल, म्हणजे सेकंदाला साठ आवर्तनं, आपल्याकडे पन्नास. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने बदलतं, सायकल बदलत नाही. मोटर सहाऐवजी पाच, अशा प्रमाणात हळू फिरते, आणि तिला पूर्ण ११५ दिले तर गाभ्याला झेपत नाही, ती तापते. म्हणून व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली आणायचं, म्हणजे ९६च्या आसपास. आजींचा ट्रान्सफॉर्मर ११५चाच होता. तो फ्रीज पाचगणीच्या थंडीत तसाच तगून राहिला असणार. पुण्याच्या एप्रिलमध्ये मला ती जोखीम नको होती. तपकीर गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याला मी सांगितलं, २३०चे ९६ करून द्या, दीड केव्हीए. तो म्हणाला, "शहाण्णव? ताई, शंभर सांगा ना, गोल आकडा." मी शहाण्णववर अडून बसले. दीड केव्हीए ऐकून नवऱ्याला वाटलं मी गिरणी बसवतेय. पण सुरू होताना मोटर क्षणभर पाच-सात पट करंट ओढते. ट्रान्सफॉर्मर लहान असला तर व्होल्टेज बसतं, मोटर अडकते आणि वाइंडिंग जळतं.

सगळ्यात घाण काम लोकरीचं. तेव्हाच्या फ्रीजला आजच्यासारखा फोम नसायचा. बाहेरचा पत्रा आणि आतली एनॅमलची पेटी यांच्यामध्ये काचेची लोकर. दाराच्या चौकटीवर ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात त्या काढल्याशिवाय तिथपर्यंत हात जात नाही, आणि सत्तर वर्षांचं प्लॅस्टिक म्हणजे खारी बिस्किट. एक पट्टी मी पेचकसाने उचकटायला गेले आणि तिचे तीन तुकडे झाले. बाकीच्या तीन वाचल्या, कारण तेवढ्यात काका आले. त्यांनी गरम पाण्यात टॉवेल बुडवून पिळला, पट्टीवर शेकासारखा ठेवला, परत बुडवला, परत ठेवला. दहा मिनिटांनी पट्टी बोटांनी निघाली. तुटलेलीचे तुकडे जोडून लावलेत, दिसतात. दिसू देत.

आतली लोकर ओली होती. बाहेरची दमट हवा फटींतून आत शिरते, थंड पेटीला टेकून तिचं पाणी होतं, लोकर पिते. पाचगणीचा पाऊस, सत्तर वर्षं. तळाकडची लोकर काळ्या पोह्यांच्या लगद्यासारखी हातात आली. वास मात्र वाईट नव्हता, जुन्या वाड्याच्या बळदासारखा. ओली लोकर गारवा धरत नाही, फ्रीज दिवसभर चालत राहतो आणि मग कुणीतरी येऊन सांगतं, गॅस कमी झालाय. तळाची आणि दाराची लोकर काढून रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरली, वरची कोरडी होती ती तशीच ठेवली. चार दिवस अंग खाजत होतं. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, मास्क, चष्मा, सगळं करूनही. आईने फोनवर खोबरेल तेल लाव म्हणून सांगितलं. लावू नका, काचेची कुसं आणखी चिकटतात. गार पाणी आणि साबण.

रंग मी लावला नाही. गाड्यांना रंग मारणारा एक माणूस येऊन बघून गेला, "पुट्टी भरून, घासून, ओव्हनमध्ये बेक करून शोरूम पीस करून देतो." मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण आधी रबिंग कंपाउंड घेऊन एका कोपऱ्यावर घासून पाहिलं आणि पिवळटपणाखालून मूळचा पांढरा आला. सायीसारखा, आजच्या पांढऱ्यासारखा निळसर नाही. मग घासतच सुटले. खालच्या कडेला गंज होता तिथे पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि बोटभर रुंदीचा नवा रंग, एवढंच. हँडलचं क्रोम घेऊन भोसरीला एका प्लेटिंगवाल्याकडे गेले तर त्याने ते तळहातावर तोललं आणि परत केलं. "जस्ताची ओतीव आहे. ॲसिडमध्ये टाकली की पुरणासारखी फुगेल." धंदा नाकारणारा माणूस बघून मला भरून आलं. शेवटी ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हँडल घासलं. तांबूस डाग गेले, खड्डे राहिले.

एका भागाला मात्र मी हात लावला, आणि तो आजवरच्या कामात मूळचा सगळ्यात सुंदर भाग होता. दाराची खिटी. हँडल ओढलं की आत कुठेतरी जड पोलादी जीभ खटकन मागे जाते, दार लावलं की तितक्याच ठसक्यात बसते. पण ती आतून उघडत नाही. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुलं शिरायची, दार लागायचं, जाड लोकरीतून हाकही ऐकू जायची नाही. १९५६ साली तिथे कायदा झाला की घरगुती फ्रीज आतून ढकलून उघडता आलाच पाहिजे, आणि १९५८च्या ऑक्टोबरअखेरीपासून तो लागू झाला. आजचं चुंबकाचं दार त्यातून सरसकट झालं. माझ्या भाचीची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, आणि आमच्या घरी आली की सगळ्यात आधी कपाटात शिरते. चौकटीवरचा ज्या खाचेत जीभ बसते तो तुकडा मी काढला आणि दाराला दोन मजबूत चुंबक बसवले. आतून धक्का मारला की उघडतं. उघडून पाहिलं, म्हणजे मी स्वतः आत बसायचा प्रयत्न केला, वय पन्नास, गुडघे मावले नाहीत, मग हात घालून ढकललं. जुना तुकडा स्क्रूसकट पिशवीत घालून फ्रीजच्या पाठीला बांधून ठेवलाय. तो आवाज आता येत नाही. ज्या आवाजासाठी हे सगळं सुरू केलं तोच.

सुरू केला तो दिवस गुढीपाडव्याचा. मुहूर्त वगैरे नाही, काकांना सुट्टी होती. प्लग लावला आणि काहीच झालं नाही. काकांनी रिलेचं झाकण काढलं, संपर्काच्या टिकल्यांवरून पॉलिश पेपरचा तुकडा एकदा फिरवला. परत प्लग. एक ठोका, मग घुं. घुं म्हणजे आजच्या फ्रीजसारखं किरकिरणं नव्हे, देवळात कुणीतरी खूप लांब तंबोरा लावतंय तसं. क्लॅम्प मीटरवर दोन अँपियर. पंधरा मिनिटांनी बर्फाच्या कप्प्याच्या एका कोपऱ्यावर पांढरी साय धरली. तासाभरात पूर्ण कप्पा पांढरा. कप्प्याचा सगळा पृष्ठभाग पांढरा झाला म्हणजे वायू पुरेसा आहे, कोपराच पांढरा राहिला असता तर कमी. १९५२ साली अमेरिकेत जो भरला होता तोच. आम्ही दोघं जमिनीवर बसून त्या कप्प्याकडे बघत होतो आणि आतून नवरा ओरडला, श्रीखंड गार करायला ठेवायचं असेल तर सांगा!

पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिलं, सहा अंश. मीटर लावून मोजलं, एप्रिलमध्ये दिवसाला पावणेदोन युनिट, ट्रान्सफॉर्मरसकट. लोकांना वाटतं जुना फ्रीज म्हणजे विजेचा राक्षस. त्याला पंखा नाही, आपोआप बर्फ वितळवणारा हीटर नाही. बर्फ हाताने वितळवायचा, दर पंधरा दिवसांनी, बंद करून, दार उघडं ठेवून, खाली ताट ठेवून. सुरी लावायची नाही. जुन्या फ्रीजचे कप्पे सर्वांत जास्त कशाने मेले असतील तर बर्फ खरवडणाऱ्या सुरीने, असं काका म्हणतात. कढईत उलथनं घातलं तरी माझ्या आता अंगावर काटा येतो.

तिसरा फ्रीज विकत घेतला नाही, त्याने मला घेतला. राजापूर तालुक्यातल्या एका डॉक्टरांच्या मुलाने फोन केला. वडिलांचा रॉकेलवर चालणारा फ्रीज पडवीत पडला होता. गावात वीज यायच्या आधी त्यात लसी आणि सर्पदंशावरची औषधं असायची. विस्तव लावून गार होणारी वस्तू हे मला ऐकून माहीत होतं, बघितलं नव्हतं. खाली टाकी आणि गोल वात, मधून धुराडं. धुराड्याच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळून वर जातो, थंड होऊन द्रव होतो, आत हायड्रोजनच्या सोबतीने त्याची वाफ होते, ती होताना गारवा येतो, आणि पाणी त्याला परत पोटात घेतं. हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाज नाही. स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे जमवलं, पुढे इलेक्ट्रोलक्सने घेतलं.

हा फ्रीज गार होईना. वात नवी घातली, धुराड्यातली काजळी आणि पिळाची पट्टी साफ केली, स्पिरिट लेव्हल लावून पाचर मारून समतल केला. आत सगळं उतारावर वाहतं, त्यामुळे फ्रीज जरा कलला तरी रुसतो. तरी नाही. काकांनी नळ्यांवर पिवळा डाग कुठे आहे का ते बॅटरीने तपासलं. गंज लागू नये म्हणून आत क्रोमेट घातलेलं असतं, ते पिवळं बाहेर दिसलं की नळी फुटली, आणि अशा फ्रीजला हातसुद्धा लावायचा नाही. डाग नव्हता. मग काकांनी डॉक्टरांच्या जुन्या कंपाउंडरला फोन लावायला सांगितलं. ते ऐंशीच्या पुढचे. पलीकडून लगेच उत्तर आलं, "उलटा करा की."

अक्षरशः उलटा. टाकी काढून, डोक्यावर, एक दिवस. मग सरळ, एक दिवस विश्रांती. आत साठलेले द्रव वाटा अडवून बसतात, उलटं केलं की ते हलून परत आपापल्या जागी जातात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार माणसांनी मिळून तो शीर्षासनात उभा केला. वॉचमनने पूर्ण दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची कथा सांगितली, दर वेळी वेगळी. तिसऱ्या दिवशी गच्चीवर पेटवला. वातीची ज्योत निळी हवी, पिवळी झाली की काजळी आणि विषारी धूर, म्हणून हा कधीही बंद खोलीत लावायचा नाही. सात तासांनी कप्प्याला हात चिकटला. मी कंपाउंडरकाकांना फोन केला तर ते म्हणाले, "मग? होणारच." त्या फ्रीजला मी वर्षातून दोनदाच लावते, कारण गारवा मिळवण्यापेक्षा रॉकेल मिळवणं जास्त अवघड झालंय.

गोदरेज अजून आहे. काकांनी एकदा तयारी दाखवली होती की दुसरा जुना कॉम्प्रेसर मिळाला तर नळ्या धुऊन, नवी कॅपिलरी टाकून, प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण भरून बघू. ते खनिज तेलाशी जमवून घेतं आणि वजनाने आर-१२च्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच लागतं. पण ते पेटतं. थर्मोस्टॅटची आणि आतल्या दिव्याच्या बटणाची ठिणगी फ्रीजच्या आतच पडते, ती आधी बाहेर न्यायला हवी. म्हणजे परत कापाकापी. मी अजून हो म्हटलेलं नाही. सध्या त्यात पापड, कुरडया आणि सांडगे असतात, आणि पावसाळ्यात मऊ पडत नाहीत, कारण नवं रबर मी बसवलं. नाना पेठेतून, सव्वापाच मीटर. दहाची नोट आता ओढून निघत नाही, फाटते. किल्लीही मिळाली, मामीच्या शिवणाच्या डब्यात.

लोक फोन करतात आता. गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून एकाचा आला. आजोबांचा फ्रीज आहे, गोल खांद्यांचा, जड दाराचा, गोठ्याच्या माळ्यावर. मी नेहमीचं सांगितलं. प्लग लावू नका, आडवा करू नका, वायर बघा, दाराच्या रबराचा फोटो पाठवा, मी आणि काका रविवारी येतो. तो सगळ्याला हो ताई, हो ताई म्हणत होता.

"आणि हो, काळजी करू नका ताई," शेवटी म्हणाला, "तुम्हाला त्रास नको म्हणून गॅस मी कालच भरून घेतलाय."